पुलाचा प्रश्न (गुण पाच)

इतिहास घडतो तेव्हा तो कोणत्याही क्रमाने घडू शकतो. त्याला कोणी हटकत नाही. परीक्षेत मात्र त्याला एकच क्रम असतो आणि त्या क्रमाला पाच गुण असतात. ही गोष्ट आमच्या परीक्षा मंडळाला फार लवकर उमगली. म्हणूनच इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतला पाचवा प्रश्न मंडळाने कायमचा राखून ठेवला: 'पुढील वाक्ये योग्य क्रमाने लावून सुसंगत परिच्छेद तयार करा.'

या प्रश्नाचे फायदे उघड आहेत. विद्यार्थ्याला काही आठवावे लागत नाही. परीक्षकाला काही वाचावे लागत नाही (सहा अक्षरे बघायची, बरोबरची खूण करायची, पान उलटायचे). वाक्ये मंडळ देते, क्रमही मंडळानेच ठरवलेला असतो. विद्यार्थ्याने फक्त दोघांची गाठ घालून द्यायची. युद्धासारखा अवघड विषयसुद्धा या पद्धतीने चार मिनिटांत आटोपतो.

आता, सुसंगत परिच्छेद विद्यार्थ्याने लावायचा म्हणजे तो आधी कोणीतरी विस्कटायला हवा. नुसते विस्कटायचे तर कोणीही विस्कटेल, घरोघरी ती कला आहे. पण नियमाने विस्कटायला खाते लागते. मंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, असे खाते होते. त्याचे नाव वाक्यविन्यास कक्ष. माझ्या वडिलांनी तिथे एकतीस वर्षे नोकरी केली आणि शेवटची नऊ वर्षे ते कक्षप्रमुख होते. कक्षात ते एकटेच असल्यामुळे हाताखालच्यांबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. कार्यालयात त्यांना 'पिसणारे' म्हणत. पत्ते पिसतात तशी वाक्ये पिसणारे, एवढाच अर्थ.

कक्षाचे नियम भिंतीवर चौकटीत लावले होते.

१. विस्कटलेला मजकूर वाचून विद्यार्थ्याला काहीही बोध होता कामा नये.
२. कोणतेही वाक्य आपल्या मूळ जागी राहू नये.
३. विस्कटणाऱ्याने स्वतःचे मत बनवू नये.

(तिसरा नियम पेन्सिलीने, नंतर लिहिलेला होता. कोणी लिहिला, याची चौकशी तेव्हा झाली नाही. मंडळाच्या हातून सुटलेली ती बहुधा एकमेव चौकशी.)

बाबांची पद्धत साधी होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, एकेका पट्टीवर एकेक वाक्य लिहायचे, सगळ्या पट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालायच्या, झाकण लावून डबा हलवायचा आणि डोळे मिटून एकेक पट्टी काढायची. लहानपणी मी कार्यालयात गेले की डबा हलवायचे काम मला मिळे. राज्यकारभार, करपद्धती, समुद्रमार्गांचा शोध, दोन साथीचे रोग आणि एक तह एवढे सगळे मी वयाच्या आठव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हाताने विस्कटले होते.

पुलाचा प्रश्न मात्र त्यांनी मला कधी हलवू दिला नाही. 'तो झालाय,' म्हणायचे.

पुलाचा प्रश्न कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पण शिस्त म्हणून खाली देते. युद्धाच्या पाठातला हा उतारा मंडळाच्या सत्तेचाळीस प्रश्नपत्रिकांपैकी अडतीस प्रश्नपत्रिकांत आला आहे. छापलेला क्रम दर वेळी असा:

(अ) सेनापतींना शौर्यपदक जाहीर झाले.
(ब) नागरिक पूल ओलांडू लागले.
(क) सैनिकांनी पूल उडवला.
(ड) सैनिकांना पूल उडवण्याचा लेखी आदेश मिळाला.
(इ) शत्रूचे सैन्य नदीकाठी पोचले.
(फ) शहर रिकामे झाले.

आणि योग्य उत्तर: इ, ब, फ, ड, क, अ. शत्रू आला, नागरिक निघाले, शहर रिकामे झाले, आदेश मिळाला, पूल उडवला, पदक जाहीर झाले. युद्ध म्हणजे कसे असावे याचा हा नमुनाच. एकही माणूस नको तिथे उभा नाही.

'इबफडकअ' हा शब्द आपल्या भाषेत तेव्हापासून आहे. शिकवणीवर्गांत तो चालीवर म्हणून घेतात. शाळेच्या बाकांवर तो कर्कटकाने कोरलेला आढळतो. मंडळाच्या एका पाहणीनुसार परीक्षेनंतर दहा वर्षांनी शंभरातील एकोणनव्वद जणांना इबफडकअ आठवत होते, अकरा जणांना युद्ध कोणाशी झाले ते आठवत होते, आणि एकाला दोन्ही आठवत होते (तो पाहणी करणारा निघाला).

मागल्या महिन्यात बाबा गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दुपारी जेवून पडले; चार वाजता आईने चहासाठी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग चहा झाकून ठेवून बघायला गेली.

एकविसाव्या दिवशी त्यांच्या नावाने मंडळाचे पत्र आले. नवीन संगणकप्रणालीने जुन्या प्रश्नपत्रिका तपासल्या असता असे निदर्शनास आले होते की पुलाचा प्रश्न अडतीस वेळा हुबेहूब एकाच क्रमाने विस्कटलेला असून, शिवाय 'ब' आणि 'ड' ही दोन वाक्ये आपल्या मूळ जागेवरून हललेलीच नाहीत. (हे खरे आहे. योग्य उत्तरातही ब दुसरे आणि ड चौथे येते. नियम दोनचा भंग, दोन वेळा, गुणिले अडतीस.) त्यातल्या बऱ्याच प्रश्नपत्रिका बाबांच्या निवृत्तीनंतरच्या होत्या, पण नंतर आलेल्यांनी तयार विस्कटलेले पुन्हा विस्कटण्याचे कारण नाही म्हणून तेच चालू ठेवले होते, त्यामुळे दोष मूळ विस्कटणाऱ्याचा. तरी आपण समक्ष हजर राहून खुलासा करावा. आपण हयात नसल्यास तसे कळवून वारसास पाठवावे. खुलाशाअंती आपल्या सेवापुस्तकात शेवटचा शेरा नोंदवून ते कायमचे बंद करण्यात येईल. शेऱ्यासाठी तीन शब्द मंजूर आहेत: आळस, विस्मरण, हेतू.

माणसाबद्दल सरकारदरबारी शेवटचा म्हणून जो शब्द लिहिला जाणार, तो निवडायची संधी वारसाला मिळावी, ही मंडळाची सहृदयता आहे. बहुतेक ठिकाणी तीन पर्यायसुद्धा देत नाहीत.

पर्यायांचे परिणामही पत्रात खुलासेवार होते. 'आळस' लिहिल्यास माजी कक्षप्रमुखांच्या रांगेतला फोटो उतरवला जाईल. 'विस्मरण' लिहिल्यास फोटो राहील. 'हेतू'बद्दल एवढेच म्हटले होते की, हेतू असल्यास प्रश्न सदोष ठरतो. प्रश्न सदोष ठरल्यास त्याचे पाच गुण सर्वांना द्यावे लागतात. ज्यांना आधीच पाच मिळाले त्यांचे पाचपैकी दहा होतात. आणि असे होऊ शकत नसल्यामुळे मंडळात आजवर कोणाचाही हेतू आढळून आलेला नाही.

त्या फोटोत बाबा हसत आहेत. घरी आमच्याकडे त्यांचे जे फोटो आहेत त्यांत ते फोटो काढणाऱ्याच्या मागे काहीतरी शोधत असल्यासारखे दिसतात.

'विस्मरण लिही आणि मोकळी हो,' आई म्हणाली. 'विसरण्याची काय लाज? सगळेच विसरतात. तेवढा फोटो तरी राहू दे.'

मी बरे म्हटले आणि दुसऱ्या दिवशी सुनावणीची तारीख घ्यायला मंडळात गेले.

तळमजल्यावर लखोटेवाल्या मावशी भेटल्या. प्रश्नपत्रिकांचे लखोटे चिकटवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्या तरी रोज येऊन बसतात, कारण नवीन बायकांचे चिकटवणे त्यांना पसंत नाही. त्यांनी मला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि मग मुद्द्यावर आल्या.

'आळस लिहिणारेत म्हणे?'

'विस्मरण, मावशी.'

'विस्मरण? त्या माणसाला? अगं, माझ्या लग्नात मी कुठल्या रंगाचं नेसले होते ते मला नाही आठवत, त्याला आठवायचं. आणि आळस म्हणशील, तर रजेच्या अर्जातली कारणंसुद्धा अनुक्रमांक घालून लिहायचा मेला.' त्यांनी टेबलाखालून पत्र्याचा डबा ओढून काढला. 'हा घे. संगणकवाले रद्दीत टाकत होते. मी म्हटलं, खबरदार, त्यात माझं खळीचं सामान आहे.'

'आहे?'

'छे. मी उघडलासुद्धा नाही. त्याचा डबा, मी कशाला उघडू?'

मी डबा घरी आणून जेवायच्या टेबलावर उघडला. आत सुट्या पट्ट्यांचे गठ्ठे होते: करपद्धती, समुद्रमार्ग, तह. तळाशी पुलाचा प्रश्न होता. त्याच्या सहा पट्ट्या सुट्या नव्हत्या. कडेने भोके पाडून, पांढऱ्या दोऱ्याने, एकीखाली एक अशा त्या शिवून टाकलेल्या होत्या. अ, ब, क, ड, इ, फ. डबा कितीही हलवला असता तरी त्यांचा क्रम बदलला नसता.

मी पट्ट्या उलटल्या. मागे पेन्सिलीने लिहिले होते. तोच पेन्सिलीचा हात, ज्याने भिंतीवरचा तिसरा नियम लिहिला होता.

अ च्या मागे: आदल्या संध्याकाळी. रेडिओवर.
ब च्या मागे: सकाळी सहा चाळीस. ताई मध्यावर.
क च्या मागे: सात दहा.
ड च्या मागे: नऊ वाजता. टंकलेखन मी केले. वेळ सहाची घालायला सांगितली, घातली.
इ च्या मागे: चौथ्या दिवशी.
फ च्या मागे: त्यानंतर.

युद्धात बाबा एकोणीस वर्षांचे होते आणि सेनापतींच्या कचेरीत टंकलेखक होते, एवढे मला माहीत होते. त्यांना एक मोठी बहीण होती, शिवणकाम करायची आणि पुरात गेली, हेही माहीत होते. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. त्या वर्षी नदीला पूर आला होता का, हे मी कधी विचारले नव्हते. (पदक आदल्या संध्याकाळीच जाहीर झाल्यामुळे सकाळी पूल उडवण्यावाचून सेनापतींना गत्यंतर उरले नसावे, हे समजण्यासारखे आहे.)

आई शेजारी येऊन उभी राहिली. तिने पट्ट्या वाचल्या नाहीत. आधी दोरा बघितला.

'हा माझ्या डब्यातला दोरा,' ती म्हणाली. 'तू पोटात होतीस. जन्मात कधी सुईदोरा मागितला नाही, त्या दिवशी मागितला. म्हटलं, बटण तुटलं असेल.' तिने एका टाक्यावरून बोट फिरवले. 'बघ की, किती वेडेवाकडे घातलेत. बहीण शिवणकाम करायची, आणि हे असे.'

'पूर नव्हता ना गं?'

'पूर म्हणायचं, असं लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं त्यांनी. कारण नाही सांगितलं. शिवणयंत्र सोडवेना तिला, एवढंच एकदा बोलले. ते घेऊन चालत होती म्हणून मागे पडली.' ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, 'विस्मरण नको लिहूस.'

'मग फोटो जाईल, आई.'

'जाऊ दे. मला काय, ते हसताना माहीत आहेत.'

सुनावणी सोमवारी होती. समितीत तिघे: उपसचिव, एक इतिहासतज्ज्ञ आणि संगणकवाले. उपसचिव पन्नाशीचे, बोलायला मऊ.

'या ताई, बसा. चहा सांगतो. तुमच्या वडिलांना आम्ही फार मानायचो. म्हणून तर चौकशी जरा आदराने करतोय.' त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. 'विस्मरणावर खूण करा, खाली सही. दोन मिनिटांचं काम आहे.'

मी 'हेतू'वर खूण केली आणि शिवलेल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

संगणकवाल्यांनी त्या उचलून बघितल्या. 'शिवून? म्हणजे मॅन्युअली लॉक केलं होतं,' ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच थोडा आदर जाणवला.

इतिहासतज्ज्ञांनी मागची बाजू वाचली. मग ते मान हलवत म्हणाले, 'भावना समजू शकतो. पण पुराव्याचं काय? लेखी आदेश सहा वाजताचा आहे. अभिलेखागारात आहे. टंकलिखित आहे.'

'हो,' मी म्हटले. 'फार स्वच्छ टंकलेखन आहे. त्यांच्या हातून चूक व्हायची नाही.'

मग उपसचिवांनी पट्ट्या स्वतःपुढे ओढल्या आणि वरून खाली वाचायला सुरुवात केली. मी त्यांच्याकडे बघत होते. मंडळाच्या सत्तेचाळीस वर्षांच्या कारभारात पुलाचा प्रश्न छापल्या क्रमाने शेवटपर्यंत वाचणारा तो पहिलाच अधिकारी असावा. फ पर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

'म्हणजे हे पहिल्यापासून असंच छापलं जातंय?'

'पहिल्यापासून.'

'मी परीक्षेला बसलो तेव्हाही?'

'तेव्हाही.'

'मला पाच होते,' ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी पुसला. 'पाचपैकी पाच.'

चहा आला. सगळ्यांनी घेतला.

निर्णय आठ दिवसांत कळवण्यात आला. मंडळाच्या नि:पक्षपातीपणाचा तो नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे. वारसाने सादर केलेला क्रम समितीने इतर कोणत्याही उत्तराप्रमाणेच तपासला: सहापैकी ब आणि ड ही दोन वाक्ये योग्य जागी, प्रश्नाला अंशतः गुण देण्याची तरतूद नाही, सबब शून्य; आणि अनुत्तीर्ण हेतूने प्रश्न सदोष ठरत नाही. सेवापुस्तकात शेवटचा शेरा पडला: 'हेतू. (अनुत्तीर्ण.)' फोटो उतरवून, जुन्या प्रश्नपत्रिकेत गुंडाळून मला देण्यात आला. भिंतीवर त्या जागी रंगाचा एक चौकोन उरला आहे, आजूबाजूपेक्षा स्वच्छ.

आणि पुलाचा प्रश्न संगणकाने नव्याने विस्कटला. एकही वाक्य मूळ जागी नाही, काहीही बोध नाही, तिन्ही नियमांचे काटेकोर पालन.

त्याचा परिणाम असा झाला की सराव परीक्षेत दोन लाख विद्यार्थ्यांनी इबफडकअ लिहिले आणि ते दोन लाख ठिकाणी चुकले. अक्षरे बदलल्यामुळे मुलांना वाक्ये वाचण्याची वेळ आली होती. पालकांनी मंडळाच्या दारात ठिय्या दिला. 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' अशा पाट्या होत्या. शिकवणीवर्गांच्या संघटनेने निवेदन दिले की मुलांवर आयत्या वेळी वाचन लादणे अमानुष आहे. एका आजोबांनी सांगितले की आपण, आपला मुलगा आणि आपली नात तिघेही इबफडकअवर वाढलो आहोत आणि परंपरा म्हणून काही चीज असते. चौथ्या दिवशी मंडळाने माघार घेतली. जनहितार्थ, पुलाचा प्रश्न पूर्वीच्याच क्रमाने, कायमस्वरूपी, छापण्यात येईल. संगणकाला त्याला हात लावण्याची मनाई आहे.

परिपत्रकाची प्रत उपसचिवांनी मला पाठवली. समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'पुन्हा शिवला.' खाली सही नव्हती.

एक गोष्ट सांगायची राहिली; खरे तर ती आधी यायला हवी होती. मी स्वतः परीक्षेला बसले त्या वर्षीही पुलाचा प्रश्न होता. इतिहासाचा पेपर देऊन घरी आले तेव्हा बाबा दारात उभे होते. आधीच्या कोणत्याही पेपराला ते थांबले नव्हते.

'पाचवा कसा गेला?'

'पाचपैकी पाच!' मी टाळ्या वाजवत चालीवर म्हणून दाखवले. इ, ब, फ, ड, क, अ.

'वाक्यं वाचलीस का?'

'वाचायची कशाला? पाठ आहे.'

'छान,' ते म्हणाले. चपला घातल्या आणि काहीतरी आणायला म्हणून बाहेर गेले. तासाभराने आले तेव्हा हात रिकामे होते.

मला पाच मिळाले. उपसचिवांना पाच मिळाले. तुम्हालाही मिळाले असतील. ही गोष्ट वाचताना सहा अक्षरे दिसली तेव्हा ती तुम्ही मनात चालीवर म्हटली असतील, तर माझी हरकत नाही. मंडळावर मात्र राग धरू नका. प्रश्न तुमच्या हातात पडला तेव्हा वाक्ये नीट लावलेलीच होती. ती विस्कटण्याचे काम तुम्ही केलेत, आणि तेही वेळेच्या आत.